अंडरवुड नंबर ५ घेणार असाल, तर त्यावर टाइप करा

जुन्या टाइपरायटरचे रिव्ह्यू मी बरेच वाचले. बहुतेकांत मशीन दिसतं कसं एवढंच असतं: काळा रंग, सोनेरी अक्षरं, काचेच्या गोल कीज, दिवाणखान्यात कुठल्या कोपऱ्यात शोभेल. मी जिल्हा न्यायालयातून लघुलेखक म्हणून निवृत्त झाले. साहेबांचं डिक्टेशन घ्यायचं आणि ते टाइप करायचं, यातच सगळी नोकरी गेली. त्यामुळे हा रिव्ह्यू बोटांच्या, मनगटांच्या आणि पाठीच्या बाजूने लिहिते आहे. अंडरवुड नंबर ५ मी घेतलं ते न्यूयॉर्क-लंडनच्या ऑफिसांतल्या पहिल्या टायपिस्ट बायकांसाठी. त्यांच्याविषयी वाचलं खूप होतं, पण त्यांच्या हातांना दिवसभर काय करावं लागत असेल, हे वाचून कळत नाही.

मशीन पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलं, वीस हजारांच्या थोडं वर पडलं. वजन तेरा-चौदा किलो. एकटीने उचलायच्या भानगडीत पडू नका, घरी आणताना कोणीतरी मदतीला हवंच. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, पूर्ण डावीकडे सरकवली की उजव्या अंगाला नंबर कोरलेला दिसतो. त्यावरून साल काढता येतं. माझं मशीन पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं निघालं. दुकानदाराने त्याला एक कार्ड अडकवलं होतं: टाइपरायटरवर कोपर टेकून हसणाऱ्या मुलीचं चित्र, वर 'व्हिंटेज डेकोर'. ते कार्ड मी तिथेच काढून ठेवलं. या मशीनवर कोपर टेकायला जागाच नाही. टेकलंच, तर चार-पाच टाइपबार, म्हणजे टोकाला अक्षरं बसवलेल्या काड्या, एकमेकांत अडकून बसतील.

आधी मशीनची सर्वांत मोठी खुबी सांगते: टाइप केलेलं लगेच दिसतं. आज यात काय नवल, असं वाटेल. पण १९०० साली नंबर ५ बाजारात आलं, तेव्हा ऑफिसांत जी रेमिंग्टन मशीनं होती त्यांत टाइपबार कागद गुंडाळलेल्या रोलरवर खालून आदळायचे. टाइप केलेली ओळ रोलरच्या पोटाखाली. ती पाहायची तर कॅरेज उचलून डोकवायचं, नाहीतर काही ओळी पुढे सरकेपर्यंत थांबायचं. चूक झाली की नाही, हे कळायला तेवढा वेळ जायचा. फ्रान्झ वॅग्नर या कारागिराने बार समोरून आदळवले आणि जॉन अंडरवुडने ते मशीन विकलं. रेमिंग्टनला समोर दिसणारं मशीन, त्यांचं नंबर १०, आणायला १९०८ उजाडलं. टायपिस्टच्या मानेला आणि जिवाला एवढा मोठा आराम दुसऱ्या कुठल्या सुधारणेने क्वचितच दिला असेल. नंबर ५ पुढे तीसच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघत राहिलं आणि लाखोंनी खपलं, ते उगाच नाही.

बायका या मशीनपर्यंत पोचल्या कशा, ही कथा त्याच्याही आधीची आहे. शोल्स आणि ग्लिडन यांचं पहिलं मशीन १८७४ मध्ये रेमिंग्टनच्या कारखान्यातून बाहेर पडलं. तो कारखाना शिलाई मशीनंही करायचा. म्हणून त्या टाइपरायटरवर फुलं रंगवलेली होती, खाली शिलाई मशीनसारखं स्टँड होतं आणि कॅरेज मागे न्यायला पायाने दाबायचा पेडलसुद्धा होता. शोल्सची मुलगी लिलियन मशीनपुढे बसलेली आहे, तो फोटोही प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीए या तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संस्थेने मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला. अमेरिकेच्या जनगणनेत १८८० साली टायपिस्ट आणि स्टेनोंमध्ये बायका ४० टक्के होत्या, १९०० साली तीन चतुर्थांशांहून अधिक, आणि १९३० साली सुमारे ९५ टक्के. पन्नास वर्षांत एक अख्खा पेशा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आता कीजविषयी. अंडरवुडची की दाबताना सुरुवातीला हलकी लागते, मग मध्ये थोडा भार येतो आणि बार सुटतो. पुढच्या काळातल्या मशीनांवर शिकलेल्या माणसाला पहिल्या पानात हे जाणवतं. बोट उचलून, वरून सोडून मारावं लागतं. कॉम्प्युटरवर सरावलेल्या हातांनी नुसतं टेकवलं तर कागदावर अक्षराची सावली उमटते. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर कीजवर पुठ्ठा धरायचे आणि 'ए एस डी एफ'चा ठेका सगळ्या खोलीकडून एकत्र घोटून घ्यायचे. दाही बोटांची ही शिस्त आमच्यापर्यंत आली ती सिनसिनाटीच्या मिसेस लाँगली यांच्याकडून. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या आपल्या शाळेत सगळी बोटं वापरायला शिकवत होत्या, आणि दोन-चार बोटांनी टाइप करणाऱ्या तेव्हाच्या तज्ज्ञांना ते पटत नव्हतं. १८८८ मध्ये त्याच शहरात फ्रँक मॅकगरिन या कोर्टाच्या स्टेनोने कीजकडे न पाहता टाइप करून स्पर्धा जिंकली आणि वाद मिटला. नाव मॅकगरिनचं गाजलं. मला मात्र टायपिंगच्या प्रत्येक वर्गात लाँगलीबाईंचा फोटो लावलेला आवडला असता.

अंडरवुडवर बसल्यावर एक हा आकडा शोधू नका. ती कीच नाही. इंग्रजीतला छोटा 'एल' मारायचा, तोच एक. उद्गारचिन्ह हवं तर आधी वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी), मग बॅकस्पेस, मग खाली टिंब. दोन-चार पानांत हाताला सवय होते.

शिफ्टविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण इथेच मला त्या बायका पहिल्यांदा नीट समजल्या. नंतरच्या कितीतरी मशीनांत शिफ्ट दाबली की टाइपबारांचा अख्खा संच, त्याला टोपली म्हणतात, खाली जातो. अंडरवुडमध्ये टोपली जागची हलत नाही, रोलरसकट वरची कॅरेजच उचलली जाते. आणि ती उचलायची कशाने, तर करंगळीने. हातातल्या सर्वांत दुबळ्या बोटाने. एक सलग परिच्छेद टाइप करताना हे फारसं जाणवत नाही, कॅपिटल अक्षरं थोडी असतात. मग मी पत्ते टाइप करायला घेतले. माणसाचं नाव, आडनाव, हुद्दा, कंपनी, रस्ता, शहर: प्रत्येक शब्दाला कॅपिटल, म्हणजे प्रत्येक शब्दाला कॅरेज वर आणि खाली. अर्ध्या तासात करंगळीच्या बुडापासून मनगटाच्या बाहेरच्या कडेपर्यंत दोरी ओढल्यासारखी कळ आली. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, यांच्या ऑफिसांत मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाकिटं आणि पावत्याच टाइप करायच्या. ही कामं सोपी, म्हणून नव्या मुलींना द्यायची, असा सगळीकडचा समज. सोपी ती डोक्याला. करंगळीला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

दुसरी परीक्षा मी घेतली कार्बनची. न्यायालयात निकालाच्या प्रती वादीला, प्रतिवादीला, वरच्या कोर्टाला, फायलीला लागायच्या, तेव्हा कार्बन लावून टाइप करण्यात माझा हात चांगला बसलेला आहे. अंडरवुडचा रोलर कडक आहे, जुन्या रबराचा. चार कार्बन आणि पाच कागद घातले, तर शेवटची प्रत वाचता येण्याइतकी उमटायला प्रत्येक अक्षर ठोकून मारावं लागलं. आणि टिंब तेवढ्याच जोराने मारलं तर वरच्या कागदाला भोक. म्हणजे अक्षराला एक जोर, विरामचिन्हाला दुसरा, आणि हा फरक बोटांनी आपोआप, वेग न मोडता करायचा. चूक झाली तर पुढचं सगळं थांबतं: प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाचा कपटा सारायचा, वरचा कागद गोल खोडरबराने हलक्या हाताने खोडायचा, भुगा ब्रशने बाजूला झाडायचा, नाहीतर तो थेट टाइपबारांत पडतो. मग दुसरी प्रत, मग तिसरी. कपटे काढायचे, आणि अक्षर पुन्हा त्याच जागी. एका चुकीला काही मिनिटं जातात. साहेबाच्या हातात पडतं ते स्वच्छ पान, आणि या मिनिटांची कुठेच नोंद नसते.

वेगाचं बोलायचं तर टायपिंगच्या वेगाच्या स्पर्धाच भरायच्या. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रोझ फ्रिट्झ ही तरुणी जिंकली, पुढची काही वर्षंही तीच जिंकत गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून टाइप करायचे प्रयोगही ती करायची. मार्गारेट ओवेनने १९१७ मध्ये मिनिटाला १४३ शब्द गाठले, तेही सलग तासभर, चुकांचे शब्द वजा करून. आमच्या सरकारी परीक्षेत ४० शब्दांचं सर्टिफिकेट मिळालं की घरी पेढे यायचे. ज्याने टायपिंग केलं आहे त्याला १४३ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या दोघींना मी मैदान गाजवणाऱ्या खेळाडूंच्याच पंक्तीला बसवते. त्यांची नावं आज टाइपरायटर जमवणाऱ्यांपलीकडे कोणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण हाच वेग ऑफिसात मोजपट्टी होऊन आला. १९१७ च्या सुमारास विल्यम लेफिंगवेलसारखे व्यवस्थापनतज्ज्ञ कारखान्यातली टेलरची पद्धत, म्हणजे प्रत्येक काम मोजून-मापून करून घ्यायची रीत, ऑफिसांत आणत होते. मशीनला मीटर लावून दिवसाचे स्ट्रोक मोजायचे, त्यावर पगार आणि बक्षीस ठरवायचं. मीटरला पाकीट आणि निकालपत्र सारखंच. समोरच्या पत्रातली व्याकरणाची चूक टायपिस्टने गपचूप सुधारली, तर त्याचा स्ट्रोक मोजला जात नाही. आमच्याकडेही पानं मोजणारे अधिकारी होते, पण निदान कागद हातात घेऊन वाचायचे.

मशीन घरी आणलं की टेबलाचा विचार आधी करा. साधं लिहायचं टेबल उंच पडतं, खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते. टायपिंगचं टेबल साधारण २६ इंच उंचीचं लागतं. खुर्ची मागेपुढे सरकणारी हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात लार्किन कंपनीची इमारत फ्रँक लॉइड राइटने १९०६ मध्ये पूर्ण केली. साबण टपालाने विकणारी कंपनी, शेकडो मुली कामाला. हवा शुद्ध करायची सोय, वरून येणारा उजेड, सगळं त्या काळात अपूर्व. आणि काही टेबलांना खुर्ची लोखंडी दांड्याने टेबलालाच जोडलेली, म्हणजे आत ढकलली की खालची फरशी पुसायला सोपी. फरशी पुसणाऱ्याचा विचार झाला, दिवसभर त्या दांड्याच्या बेताने बसणाऱ्या पाठीचा राहिला. राइट मोठा वास्तुकार खराच, पण माझ्या मते त्याने त्या खुर्चीत महिनाभर तरी काम करायला हवं होतं.

लंडनच्या प्रुडेन्शियल विमा कंपनीने १८७१ पासून बायकांना कारकून म्हणून घेतलं. त्यांना ये-जा करायला वेगळं दार, जेवायला वेगळी खोली, पुरुषांशी गाठ पडू नये म्हणून सुटायची वेळही वेगळी. जेवणाच्या सुट्टीत मोकळी हवा हवी तर इमारतीच्या गच्चीवर फिरायचं. बँक ऑफ इंग्लंडने बायका घेतल्या १८९४ मध्ये, आणि त्यांच्यावर देखरेखीला ऑक्सफर्डला शिकलेल्या जॅनेट होगार्थ. काम कुठलं, तर परत आलेल्या नोटा वेगळ्या करून मोजायचं. एवढ्या शिकलेल्या बाईने आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी नोटांचे गठ्ठे लावले आणि ते चोख लावले.

पगाराचं कारण तर कागदोपत्री लिहिलेलं आहे, म्हणून ते जास्त बोचतं. ब्रिटिश पोस्टाने १८७० मध्ये तारखातं ताब्यात घेतलं, तेव्हा तिथले अधिकारी फ्रँक स्क्युडामोर यांनी बायका घेण्याचे फायदे मांडले होते: बोटं चपळ, नजर तेज, एका जागी बसून राहायचा धीर जास्त, कमी पगारात चांगल्या घरच्या मुली मिळतात, आणि बऱ्याचजणी लग्न करून जातात, म्हणजे वर्षानुवर्षं पगारवाढ द्यावी लागत नाही. पुढे लग्न झालं की नोकरी सोडायची, हा नियमच झाला. ब्रिटिश सरकारी खात्यांत तो १९४६ मध्ये उठला, परराष्ट्र सेवेत थेट १९७३ मध्ये. आपल्याकडेही परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नासाठी लेखी परवानगी घ्यावी लागायची. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर खरमरीत लिहिलं. तो निकाल मी सवडीने पुन्हा पुन्हा वाचला आहे.

आणि बरोबरीचा पगार देता येत नव्हता असंही नाही. १९१७ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला कारकून कमी पडले. कायद्यात 'पुरुष' असा शब्द नाही, हे मंत्र्यांच्या लक्षात आलं आणि बायकांची भरती सुरू झाली. २१ मार्च १९१७ ला लोरेटा वॉल्श दाखल झाली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ११,००० जणी झाल्या. हुद्दा योमन, म्हणजे नौदलातला कारकून, काम बहुतेक टायपिंग आणि फायलींचं, आणि पगार त्याच हुद्द्याच्या पुरुषाएवढा, महिन्याला २८ डॉलर ७५ सेंट. माझं मशीन त्याच काळातलं असल्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तीच करंगळी, तीच शिफ्ट, आणि खासगी ऑफिसात जो पगार परवडत नाही म्हणायचे तो नौदलाने दिला. युद्ध संपल्यावर त्यांना घरी पाठवलं, हेही खरं. तसंच ही सगळी दारं मुख्यतः गोऱ्या, शाळा शिकलेल्या मुलींसाठी उघडी होती. काळ्या मुलीने कितीही चांगलं टायपिंग शिकलं तरी न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्यांत तिला खुर्ची मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

तरीही मुली येत राहिल्या, कारण गिरणीपेक्षा आणि दुकानातल्या काउंटरपेक्षा ऑफिसातला पगार बरा होता, काम स्वच्छ होतं आणि महिन्याअखेर हातात स्वतःचे पैसे पडायचे. त्याची किंमत मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता मशीनच्या अवस्थेबद्दल. दुकानदाराने 'पूर्ण रिपेअर केलेलं' म्हणून दिलं, तसं ते नव्हतं. बाहेरून पॉलिश झकास, पण घंटा वाजत नव्हती, आणि घंटेशिवाय ओळ कुठे संपते ते कळत नाही. मार्जिनच्या काही अक्षरं आधी ती वाजलीच पाहिजे. रिबन चुकीच्या स्पूलवर गुंडाळलेली, त्यामुळे एका टोकाला पोचली की उलटी फिरत नव्हती. आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिकने दोन्ही ठीक करून दिलं आणि साध्या शिलाई मशीनच्या तेलाने टाइपबार भिजवायची चूक करू नका, असं बजावलं. धूळ चिकटते आणि बार जड होतात. स्पिरिट आणि जुना टूथब्रश पुरे. अर्धा इंच रुंदीची रिबन आजही मिळते.

घ्यायच्या आधी दुकानात तीन गोष्टी करून पाहा. कागद घालून सगळ्या कीज एकदा मारा. शिफ्ट धरून कॅपिटल मारा आणि ती छोट्या अक्षरांच्या ओळीत बसतात का, वर-खाली होतात का ते बघा. कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ द्या, मध्ये अडकते का ते कानाने ऐका. दुकानदार 'हे फक्त शोपीस आहे, वापरायचं नसतं' म्हणाला तर किंमत निम्मी करायला सांगा, नाहीतर दुसरं दुकान बघा. मराठी टाइप करायचं असेल तर हे मशीन तुमच्या कामाचं नाही, देवनागरी कीबोर्डचं गोदरेज शोधा, ते स्वस्तही पडेल. इंग्रजी पत्रं लिहायची असतील, हाताला जोर लावायची तयारी असेल आणि टेबल योग्य उंचीचं असेल, तर अंडरवुड नंबर ५ ला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क शिफ्टसाठी कापला आहे, त्या पाकिटं टाइप करणाऱ्या मुलींच्या वतीने.